महाजन बाईंची साक्ष

रहस्यकथा हातात पडली की महाजन बाई सगळ्यात आधी शेवटचं पान वाचायच्या. लपूनछपून नाही, चारचौघांत. "अहो बाई, मग मजा काय राहिली?" असं कुणी विचारलं, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "खून कुणी केला हे एकदा कळलं की बाकीची माणसं नीट बघता येतात. कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं नाही."

त्यांनी मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं आणि पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हाही त्या मला शिकवतच राहिल्या. आम्हा बऱ्हाणपूरकरांचं मराठी हिंदीच्या कुशीत वाढलेलं. "बाई, मी वह्या तपासून राहिली" असं मी म्हटलं की त्यांची मान वर यायची. "तपासते आहे." मी पुन्हा म्हणायचं, मगच पुढचं बोलणं. स्वतः मात्र चिडल्या की "काय करून राहिली गं तू!" असंच ओरडायच्या, आणि ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

आमच्या शाळेतले मराठीचे वर्ग हळूहळू आटत गेले. बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी दहावीत चारच मुली होत्या. त्या चौघींची हजेरी बाई रोज घ्यायच्या, चाळीस मुली बसल्यासारखी, खणखणीत आवाजात. चौघींपैकी एक जरी आली नाही तरी संध्याकाळी तिच्या घरी जायच्या.

त्यांना चुकीचा शब्द नुसता दिसला तरी सहन व्हायचा नाही. बाजारात एका औषधाच्या दुकानावर नवी पाटी लागली होती, 'सर्व औषधे मिळतिल'. बाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेल्या आणि मालकाला म्हणाल्या, "मिळतील. ती दीर्घ." मालक हसला. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा गेल्या, काही न घेता तेवढंच सांगून आल्या. असे आठ दिवस. नवव्या दिवशी रंगारी शिडीवर चढलेला आम्ही पाहिला. ही कोण बाई म्हणून बघायला मालकाची बायको नीलिमा बाईंच्या घरी आली आणि कायमची येणारी झाली.

निवृत्तीनंतर बाईंनी दर शनिवारी दुपारी चारला आपल्या घरी वाचणाऱ्यांना बोलवायला सुरुवात केली. यजमान गेलेले, मुलगी मंजिरी खंडव्याला दिलेली. पुढच्या खोलीत सतरंजी, चहा आणि एका परातीत कुरमुरे. आम्ही होतो तरी किती? मी, नीलिमा आणि पोस्टातून निवृत्त झालेले जोशी काका. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि बोलायचं. नियम एकच, जे म्हणाल त्याचा आधार पुस्तकात दाखवायचा. जोशी काका म्हणायचे, "मला तर हा माणूस लबाड वाटतो." बाई लगेच, "पान कितवं?" मग काका चष्मा शोधायचे. हे 'पान कितवं' बाईंच्या तोंडी इतकं बसलं होतं की भाजीवाली मापात मारते असं मी म्हटलं, तरी त्या विचारायच्या, "पान कितवं?"

पल्लवी आली ती मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात. बाईंच्या घरासमोर केळीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा बंगला आहे. उंच फाटक, आत दोन गाड्या, गच्चीवर तुळशीच्या कुंड्यांची रांग. शेठचे पॉवरलूमही आहेत. माझा मुलगा निखिल त्यांच्याच लूमवर सुपरवायझर आहे, हे इथेच सांगून टाकते. त्या घरची थोरली सून पल्लवी. शाहपूरच्या केळी-बागायतदाराची मुलगी, एम. ए. झालेली, चोवीस-पंचविशीची. एका शनिवारी सासूच तिला घेऊन आली. "दिवसभर मोबाईल बघत बसते. तुमच्याकडे चांगलं काही वाचेल," असं म्हणून सोडून गेली. पाच वाजता गडी घ्यायला आला.

ती पोरगी पहिल्या दिवशी काही बोलली नाही, पण जाताना परात उचलून आत नेऊन धुऊन ठेवली. बाई म्हणाल्या, "अगं, राहू दे." तर म्हणाली, "मॅडम, इथं कुणी बघत नाहीये म्हणून करून राहिली. घरी तर मला हात लावू देत नाहीत." बाईंनी तिचं मराठी सुधारलं नाही. ते मी लक्षात ठेवलं.

दोन-तीन महिन्यांत पल्लवी चांगलीच बोलायला लागली. तिनंच एक नवी कादंबरी सुचवली, आणि सगळ्यांना पुरतील अशा प्रती ऑनलाइन मागवल्या. त्यात श्रीमंत वस्तीतले दोन शेजारशेजारचे बंगले, एकातली बाई एक दिवस नाहीशी होते. नवरा, दीर, मोलकरीण, शेजारचं जोडपं, संशय सगळ्यांवर फिरत राहतो. बाईंनी सवयीप्रमाणे शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

त्या शनिवारची चर्चा मला शब्द न् शब्द आठवते. जोशी काका मोलकरणीच्या मागे लागले होते. नीलिमा म्हणाली, "नवराच असणार. पण मला एक समजत नाही, इतकी शिकलेली बाई, इतकं सगळं होऊनही निघून का नाही गेली?"

"कुठे?" पल्लवी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती गडबडली. "मतलब, पुस्तकात तिचं माहेर दाखवलंच नाहीये ना. म्हणून विचारलं."

बाईंनी आपली प्रत उघडली. मग म्हणाल्या, "मला नवऱ्यात रस नाही. तो जसा आहे तसा पहिल्या प्रकरणापासून दिसतो. मी त्या शेजारणीचा विचार करते आहे. तिनं काय केलं?"

"तिनं कुठे काय केलं?" जोशी काका म्हणाले. "ती बिचारी बिल्कुल निर्दोष आहे."

"भिंतीपलीकडून आवाज आला तेव्हा तिनं टीव्ही मोठा केला. पान दोनशे बारा."

मी कुरमुऱ्यांची परात पुढे केली, तेव्हा पल्लवीनं हात लांब केला आणि तिची बाही मागे गेली. कोपराच्या वर चार बोटांचे वळ होते. हिरवे-पिवळे, आठवडाभराचे असतील. तिनं बाही ओढली. मी पाहिलं. माझ्या शेजारी नीलिमा होती, तिनं पाहिलं. बाईंनीही पाहिलं. जोशी काकांचं मी सांगू शकत नाही, ते पान दोनशे बारा शोधत होते.

बाईंनी तिला जाताना आत बोलावलं. दार ओढून घेतलं होतं, काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा पल्लवीचं तोंड धुतलेलं होतं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गडी येऊन उरलेली पुस्तकं परत देऊन गेला. तिसऱ्या आठवड्यात बाई स्वतः बंगल्यात गेल्या. सासूनं काजू-बदामाची बशी पुढे ठेवली आणि गोड आवाजात सांगितलं, "पल्लवी माहेरी गेली आहे. महिनाभर राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला म्हणाल्या, "वर्षा, माझ्याबरोबर शाहपूरला चल." आम्ही बसनं गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. वडील ओट्यावर बसले होते, मागे अंगणात केळीच्या घडांची गाडी भरली जात होती. मुलीचं नाव काढताच उठून उभे राहिले.

"पल्लवी? ती तर इथं आलीच नाही, मॅडम. रक्षाबंधनापासून नाही."

बाईंनी हाताचे वळ सांगितले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. आतून तिची आई दाराशी आली, पदर तोंडावर धरून तिथेच थांबली. वडील म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. माझ्या दोन पोरी अजून घरात आहेत. ही परत आली तर त्यांचं काय होईल, तुम्ही सांगा. तुम्ही तिच्या डोक्यात काही भरवू नका, एवढी विनंती आहे." आणि खरोखर हात जोडले.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "बाई, जाऊ द्या आता. तिच्या बापालाच नको आहे."

बाई बाहेरच्या केळीच्या बागा बघत राहिल्या. बस आमच्या गावात, लालबागला पोचली तशी रिक्षा करून त्या एकट्याच पोलीस ठाण्यावर गेल्या. मी घरी आले, निखिलचा डबा भरायचा होता.

ठाण्यातल्या साहेबांनी त्यांना आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मैडमजी, आपके पास सबूत क्या है?" आयुष्यभर दुसऱ्यांकडे पान मागितलेल्या बाईंकडे तिथे दाखवायला पान नव्हतं. त्यांनी तक्रार लिहून घ्यायला लावली एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पोलीस बंगल्यावर आले. अर्धा तास आत होते. मग फाटक उघडलं आणि पल्लवी बाहेर आली. चांगली जरीची साडी, केस नीट बांधलेले. बाई आपल्या दारात उभ्या होत्या, मी त्यांच्या मागे. गल्लीतली सगळी दारं उघडी.

"बताइए बेटा," एक पोलीस म्हणाला.

"मैं ठीक हूँ," पल्लवी म्हणाली. मग हसली. "मॅडम किताबें बहुत पढ़ती हैं ना. वही किताबवाली बात समझ ली."

दोघं-तिघं हसले. बाई पायरी उतरून पुढे गेल्या. "मग माहेरी गेली म्हणून मला का सांगितलं?"

"मैडमजी, घर की बात है," पोलीस म्हणाला. सासूनं पल्लवीच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती वळून आत गेली.

त्यानंतर गल्लीत बाईंची चेष्टा सुरू झाली. पानाच्या टपरीवर त्यांना जासूस मॅडम म्हणायला लागले. जोशी काकांचा गुडघा दुखायला लागला. नीलिमा दोन शनिवार फोन करून येत नाही म्हणून सांगत होती, मग फोनही थांबले. मी जात राहिले. बाई मला चहा द्यायच्या, परात आता भरत नव्हत्या. एके दिवशी निखिल कामावरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई, शेठ म्हणाले, तुमच्या मातोश्रींची तब्येत जपा." तो एवढंच बोलला. मी शनिवारचं जाणं पंधरा दिवसांतून एकदा केलं.

थंडी पडायला लागली होती त्या दिवसांत एका सकाळी नऊच्या सुमारास पल्लवी गच्चीवरून पडली. कपडे वाळत घालताना तोल गेला, असं घरच्यांनी सांगितलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. मी शाळेत होते. कळताच बाईंच्या गल्लीत आले तेव्हा त्या बंगल्याच्या फाटकासमोर रस्त्यावर उभ्या होत्या, पायांत चप्पल नव्हती. कुणी त्यांना आत घेत नव्हतं आणि कुणी हटवतही नव्हतं. मी त्यांना दंडाला धरून घरी आणलं. दिवसभर त्या एकच वाक्य बोलल्या, "मी तिला फाटकाबाहेर धरून ठेवायला हवं होतं."

या वेळी मात्र शाहपूरच्या वडिलांनी तक्रार केली. सासरच्यांवर केस उभी राहिली. बाईंनी जबाब दिला, आणि वळ आणखी कुणी पाहिले या प्रश्नावर माझं आणि नीलिमाचं नाव सांगितलं.

पोलीस माझ्याकडे रविवारी आले. मी त्यांना खुर्ची दिली. निखिल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यानं मला काहीही सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तो नुसता उभा होता.

"आपने निशान देखे थे?"

"मला नीट आठवत नाही," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहून घेतलं आणि मी सही केली. नीलिमानंही तसंच सांगितलं, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी मी बाईंकडे गेले. त्यांनी चहा टाकला, दोन कप भरून आणले आणि माझ्यासमोर बसल्या. "वर्षा, तुला खरंच आठवत नाही?"

"नाही, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. साखर कमी आहे का, ते विचारलं. पुन्हा कधीच तो विषय माझ्यापाशी काढला नाही. मला वाटत होतं त्या रागावतील, मला घराबाहेर काढतील. तसं काही झालं नाही. माझं मराठी सुधारणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. मी कसंही बोलले तरी ऐकून घ्यायच्या.

मग तारखा सुरू झाल्या. सव्वा वर्षात बाईंना पाच वेळा बोलावलं. कधी वकील नाही, कधी जज्जसाहेब रजेवर. दर वेळी बाई इस्त्रीची साडी नेसून दहाच्या आधी जायच्या आणि दुपारी पुढची तारीख घेऊन यायच्या. दरम्यान पल्लवीच्या वडिलांनी कोर्टात सांगून टाकलं की मुलगी सुखात होती, तक्रार दुःखाच्या भरात केली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आता बाई एकट्याच उरल्या. पुस्तकं वाचणं त्यांनी बंद केलं होतं. मी एकदा नवं काही नेलं, तर म्हणाल्या, "नको गं. शेवट काहीही असला तरी मला आता फरक पडत नाही."

होळीच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं बिघडलं. आवाज होता, शब्दही यायचे, पण हवा तो शब्द यायचा नाही. पाणी मागायचं असेल तर 'दार' म्हणायच्या. चुकलं हे त्यांना लगेच कळायचं, आणि त्यांचा चेहरा बघवायचा नाही. मंजिरी खंडव्याहून येऊन राहिली.

त्यातच सहावं समन्स आलं. मंजिरी म्हणाली, "आई, डॉक्टरांचं पत्र देऊ. जायची गरज नाही." बाईंनी डाव्या हातानं तो कागद घेतला आणि पलंगावर आपटत राहिल्या, मंजिरी हो म्हणेपर्यंत.

मी बरोबर गेले. आम्ही दोघींनी त्यांना धरून जिन्यावर चढवलं. त्या दिवशी वकील होते, साहेबही होते. बाईंना खुर्ची दिली. सरकारी वकिलांनी शांतपणे विचारलं, "माताजी, पल्लवी के हाथ पर आपने क्या देखा था?"

बाईंनी डावा हात वर केला. "शाळा," त्या म्हणाल्या. मान हलवली. "नाही. शाळा... शाई." पुन्हा मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "पान," त्या म्हणाल्या, "पान, पान, पान." मग डाव्या हाताची चार बोटं त्यांनी आपल्याच उजव्या दंडावर ठेवली आणि साहेबांकडे बघितलं.

समोरचा वकील उठून नम्रपणे म्हणाला, "साक्षीदाराची तब्येत बघता आम्हाला काही विचारायचं नाही." साहेबांनी खाली बघून टाइपिस्टला काही सांगितलं. "बैठे रहिए, माताजी. पानी पिलाइए इनको."

तेव्हा बाईंनी मागे वळून पाहिलं. खोलीत फारशी माणसं नव्हती. शेवटच्या बाकावर मी होते. मला नुसतं उठून उभं राहायचं होतं. उभं राहून म्हणायचं होतं की साहेब, मीही तिथे होते, बोटं चारच होती, कोपराच्या वर. कायद्यात ते बसतं की नाही, मला माहीत नाही. मी पर्स उघडली आणि बाईंची दुपारची गोळी शोधायला लागले. ती वरच्याच कप्प्यात होती. मी बराच वेळ शोधली.

दोन महिन्यांनी सगळे सुटले. शेठच्या घरून गल्लीत पेढे वाटले नाहीत, एवढी सभ्यता त्यांनी ठेवली. निखिलची नोकरी चालू आहे.

मंजिरीनं घराला कुलूप लावून बाईंना खंडव्याला न्यायचं ठरवलं. मी स्टेशनवर गेले. गाडी आधीच लागलेली होती. मंजिरी सामान लावत होती आणि बाई खिडकीशी बसल्या होत्या, गळ्याभोवती टॉवेल, केस मुलीनं कसेतरी बांधलेले. मी बाहेरून खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले. फलाटावर केळी विकणाऱ्या बाया ओरडत होत्या. मला वाटलं, आता सांगून टाकावं. आता ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून सांगायला सोपं होतं.

"बाई," मी म्हटलं, "मला आठवत होतं."

त्यांनी माझ्याकडे पूर्ण बघितलं. त्यांना समजलं, त्यात शंका नव्हती.  डावा हात वर नेऊन त्यांनी खिडकीचं शटर धरलं आणि खाली ओढलं. ते अर्ध्यावर अडकलं. त्या ओढत राहिल्या. मंजिरीला वाटलं, आईला ऊन लागतंय. तिनं वाकून हात लावला आणि शटर खाली आलं. मी गजांवरचे हात काढून घेतले.

गाडी सुटायला अजून सात मिनिटं होती.